छत्तीसच्या पुढचे फोटो

३ नोव्हेंबर, सोमवार

वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली. १४ डिसेंबरला वरच्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन. विषय ‘आपला रस्ता’. प्रत्येकी तीनपर्यंत फोटो द्यायचे. सूचनेत ‘छायाचित्र’ हा शब्द चुकला होता. खिशातल्या पेनाने दुरुस्त केला. शिपायाने हटकलं, म्हणाला, सरकारी फळ्यावर रेघोट्या मारू नका. शिकलेल्या माणसाला इथे किंमत नाही. मी बारावी आहे. म्हणजे बारावीपर्यंत आहे.

जेवताना घरी जाहीर केलं. बाबा म्हणाले, घे की भाग. गिटार झालं, मासे झाले, टायपिंगचा क्लास अर्धा झाला, आता हे. मग पाणी पिऊन म्हणाले की मामाचा परत फोन होता, त्याच्या गोडाऊनवर पोती मोजायला घरचा माणूस हवाय. तू काढलेला एक फोटो त्या भिंतीवर लागला तर मी मामाचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही लागला तर पंधरा तारखेच्या गाडीत बसायचं. मी म्हटलं, मंजूर. वहिनी वाढता वाढता म्हणाली, एकच ना भावजी, लागेल हो, काळजी करू नका.

तिने ‘एकच’ ज्या आवाजात म्हटलं त्याचा राग आला. तीन लावून दाखवतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या जुन्या कॅमेऱ्यासाठी रोल आणायला स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो. रोल धुणारा हा एकच माणूस उरला आहे आणि त्याचा त्याला माज आहे. कपाट धुंडाळून एक रोल काढला. एकच. म्हणाले, हा शेवटचा, पुढचा माल जानेवारीत. मग मला शाळेतल्या पोरासारखं शिकवायला लागले. फिल्मचं टोक चांगलं लांब ओढायचं, कॅमेऱ्यातल्या चक्रीत नीट अडकवायचं, दोन-तीन फोटो वाया जाऊ द्यायचे आणि मग मोजायला लागायचं. छत्तीस निघतात.

वाया जाऊ द्यायचे म्हणे. रोल माझा, वाया घालवायला सांगणार हे.

घरी येऊन जुन्या रिकाम्या रोलवर पट्टी ठेवली. सुरुवातीला अकरा सेंटिमीटर पट्टी फुकट जाते. एका फोटोला लागतात पावणेचार. म्हणजे जवळपास तीन फोटो लोक वर्षानुवर्षं कचऱ्यात टाकत आलेत आणि कोणी ब्र काढत नाही. मी टोक अगदी नखाएवढंच अडकवणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी २.१०

मी काम करतो त्या दुकानाला सुट्टी. पलंगावर ब्लँकेटच्या आत शिरून रोल भरला. उजेड लागायला नको. घामाने निथळलो. वहिनीने दार ढकललं, म्हणाली, भावजी, ताप आलाय का? मी आतून ओरडलो की दार लाव. दहा मिनिटांनी गोळी आणि पाण्याचा पेला ठेवून गेली. या घरात काम करणं अशक्य आहे.

टोक चक्रीत बरोबर चार मिलिमीटर सरकवलं. झाकण लावलं. फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर ओढला. आतून काहीतरी धरल्यासारखं वाटलं. तीन फोटो वाचले.

८ नोव्हेंबर, शनिवार

फोटो क्र. १. बसथांब्याच्या कोपऱ्यावरचा किल्लीवाला.

रस्त्यावरच्या फोटोग्राफीचा नियम आहे की माणसाला कळता कामा नये. म्हणून मी त्याला आधीच नीट सांगितलं की तू माझ्याकडे बघू नकोस. तो म्हणाला, नाही बघत साहेब, पण या टेपचं टोक कुठे धरू? नाकाला धर म्हटलं. अंतर दोन मीटर चौदा. मग फोनने उजेड मोजला. ढग आला. परत मोजला. गिऱ्हाईक आलं. ते जाईपर्यंत वीस मिनिटं रस्त्यात उकिडवा बसून होतो. रिक्षावाले शिव्या देत होते. ११.५२ ला बटण दाबलं, तेवढ्यात हा शहाणा माझ्याकडे बघून हसला.

इतका राग आला की वहीत ‘हसला’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. तरी त्याला सांगितलं, डिसेंबरच्या चौदा तारखेला तू भिंतीवर असशील. त्याने विचारलं, किती वाजता येऊ?

११ नोव्हेंबर, मंगळवार

फोटो क्र. ९ ते १३. बाकावर पेपर वाचणारा, इस्त्रीवाली, पंक्चर काढणारा, शाळेच्या फाटकाशी ताटकळणारी आई, पुन्हा इस्त्रीवाली (पहिल्या वेळी टेप तिच्या इस्त्रीला चिकटला). प्रत्येकाची वेळ, अंतर, उजेड वहीत नोंदवला आहे.

इस्त्रीवालीच्या समोर एक पोरगेला इसम फोन घेऊन उभा राहिला. नळाची तोटी सोडावी तसे फोटो. मिनिटात तीस. मग चालत चालत त्यातले अठ्ठावीस पुसून टाकले. मी त्याला म्हटलं की याला फोटो म्हणत नाहीत. तो म्हणाला, मग काय म्हणतात? मी म्हटलं, याला काहीच म्हणत नाहीत. तो हसून निघून गेला.

माझ्या फोनमधलं उजेड मोजायचं ॲप दर वेळी आपणहून एक फोटो साठवून ठेवतं, त्याच्या कोपऱ्यात आकडे असतात. तो वेगळा विषय. ते उपकरण आहे. थर्मामीटर लावला म्हणून कोणी डॉक्टर होत नाही.

दुकानात एका डॉक्टरांचा शिक्का उलटा झाला. आम्ही रबरी शिक्के करतो, अक्षरं उलटी कोरावी लागतात, म्हणजे कागदावर सुलटी उमटतात. डोक्यात इस्त्रीवाली होती, मी सुलटी कोरली. मालक म्हणाले, डॉक्टरसाहेबांच्या पेशंटने आता औषध आरशासमोर उभं राहून प्यायचं का? सगळ्यांसमोर म्हणाले. पाच वर्षांत पहिली चूक. दुसरी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते लिहायलाही हात होत नाही.

वहिनीने प्रदर्शनाला फोटो दिला. वहिनीने. गच्चीवर कपडे वाळत घालताना फोनवर काढलेला. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा प्रिंट काढून घेतला आणि भाजी आणायला जाता जाता वाचनालयात देऊन आली. तिथल्या सचिवांना इतका आवडला की म्हणाले, हा दारातच लावू, पहिला.

बाबा म्हणाले, बघ, याला म्हणतात काम. चिमटे तोंडात धरून काढलाय तिने. वहिनी म्हणाली, अहो बाबा, सहज काढला, मला काय कळतंय त्यातलं. पण तिचा चेहरा नुसता फुलला होता. लग्न होऊन आल्यापासून तिला असं बघितलं नव्हतं. मला दाखवायला फोन पुढे केला. मी म्हटलं, मी फोनवरचे फोटो बघत नाही. तिने तो टेबलावर माझ्यासमोरच ठेवला. मी डोळे मिटून जेवलो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सचिवांना पत्र लिहिलं. तीन कच्चे खर्डे, एक पक्का. मुख्य मुद्दा इथे उतरवून ठेवतो, कारण भाषा चांगली जमली आहे:

‘ज्या छायाचित्राला निगेटिव्ह नाही ते छायाचित्र नव्हे, केवळ दृष्टिभ्रम होय. सबब प्रत्येक छायाचित्रासोबत मूळ निगेटिव्ह सादर करणे सक्तीचे करावे. सादर न करणाऱ्यास, तो कोणीही असो, अपात्र ठरवावे. यात कोणाचीही गय करू नये.’

मालकांनी न वाचता सही केली. स्टुडिओवाल्या काकांनी दोनदा वाचून, चष्म्यावरून माझ्याकडे बघून सही केली. वहिनीबद्दल मनात काही नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज छत्तीस पूर्ण. छत्तिसावा फोटो पोस्टाच्या पेटीत हात घालून चिकटलेलं पत्र आत ढकलणाऱ्या म्हातारीचा.

आता ऐका. म्हणजे कोणी ऐकत नाही, पण तरी. लिव्हर ओढला तर ओढला गेला. सदतीस. पुन्हा ओढला. अडतीस. एकोणचाळीस. वाचवलेले तिन्ही फोटो निघाले. माझं गणित मिलिमीटरपर्यंत बरोबर ठरलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.

कॅमेऱ्यावरचा आकडा केव्हाच थांबला. मी थांबलो नाही. वहीत मोजतोय.

२३ नोव्हेंबर, रविवार

बावन्न. लिव्हर लोण्यासारखा फिरतो आहे.

दिवसभर विचार केला आणि आता मला सगळं कळलं आहे. कंपनी आत भरपूर फिल्म घालते आणि वर लिहिते छत्तीस. लोक छत्तीसला थांबतात, रोल काढतात, उरलेली फिल्म धुणाऱ्याकडे जाते. ‘वाया जाऊ दे’ असं काका का म्हणत होते ते आज समजलं. उरलेली पट्टी काढून विकत असणार. तीस वर्षं. आणि वर चष्म्यावरून बघायचं.

वाटेत भेटले. मी नुसतं म्हटलं, बावन्न झाले काका. ते म्हणाले, काय बावन्न? मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे काय ते. त्यांनी विचारलं, लिव्हर ओढताना डावीकडची रोल गुंडाळायची खुंटी फिरते का रे? विषय कसा बदलतात बघा. मी डावीकडे कशाला बघू, माझं लक्ष रस्त्यावर असतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

विजय.

सचिव स्वतः दुकानात आले. म्हणाले, तुमचं पत्र म्हणजे देव भेटला बघा. हॉलमध्ये जागा चाळीस फोटोंची आणि फोनवरचे आलेत दोनशे सत्तर. निम्म्या गावाला नाही कसं म्हणायचं म्हणून झोप लागत नव्हती. समितीने तुमचा नियम जसाच्या तसा घेतला. आता दोष आमचा नाही, नियमाचा.

आणि त्यासाठी शिक्का हवा. ‘निगेटिव्ह नाही. अपात्र.’ मी स्वतः कोरला. ते लहान आकाराचा मागत होते. मी समजावलं की लहान शिक्का कोपऱ्यात बसतो, लोक तो कापून टाकतील आणि फोटो पुन्हा आणतील. मोठा करा, तिरका, फोटोच्या मधोमध. त्यांना पटलं. ‘पात्र’मधला ‘त्र’ असा उतरला आहे की मालकसुद्धा म्हणाले, वा. अक्षरं उलटी कोरली. दोनदा तपासली.

घरी काही बोललो नाही. वहिनी विचारत होती की प्रदर्शनाला साडी नेसू की ड्रेस घालू.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

त्रेसष्ट. अजूनही निघाले असते, पण वहीचं पान संपलं आणि हाव बरी नव्हे.

रोल मागे गुंडाळला. लोक म्हणतात गुंडाळायला पंचवीस-तीस वेढे लागतात. माझा अर्ध्या वेढ्यात झाला. तेल नियमित घातल्याचा फायदा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काका हे विघ्नसंतोषी माणूस आहेत.

रोल हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला आणि किती वेढ्यांत गुंडाळला विचारलं. सांगितलं. स्टुलावर बसले. म्हणाले, बाळा, हा रोल कोरा आहे. तू टोक इवलंसं अडकवलंस, ते पहिल्याच झटक्याला सुटलं. फिल्म डबीतून बाहेर आलीच नाही. तू तीन आठवडे नुसता आवाज काढत होतास. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, रड कशाला, रोल जसाच्या तसा शाबूत आहे, मी भरून देतो, अजून पंधरा दिवस आहेत, सगळे तेच कोपरे, तीच माणसं, दोन दिवसांत परत काढशील.

मी रडत नव्हतो. रागाने डोळ्यांत पाणी येतं माझ्या.

डाव माझ्या लक्षात आला. रोल परत भरायला म्हणून घ्यायचा, उघडायचा, आणि माझ्या त्रेसष्ट फोटोंवर उजेड. मी म्हटलं, आत्ता धुवा, माझ्यासमोर. ते म्हणाले, अरे धुतला की गेला, मग तो कशालाच उपयोगाचा नाही. मी म्हटलं, धुवा. तीनदा विचारलं त्यांनी. तीनदा म्हटलं, धुवा. मग उठले आणि फिल्म धुवायच्या औषधाची बाटली काढली.

४.४० ला पट्टी बाहेर आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेसारखी स्वच्छ. कडेला कंपनीचे आकडे. एक ते छत्तीस. छपाई सुबक होती.

मी म्हटलं, तुमचं औषध खराब आहे. ते म्हणाले, असेल.

३० नोव्हेंबर, रविवार

औषधच खराब होतं.

किंवा खुंटी.

१ डिसेंबर, सोमवार

मार्ग सापडला. इतका सोपा की हसू येतं. फोनच्या ॲपमध्ये त्रेसष्टच्या त्रेसष्ट उजेडाचे फोटो आहेत. आकड्यांसकट. हे फोनने काढलेले फोटो नाहीत, कारण काढताना माझ्या मनात कॅमेरा होता. तीन निवडले: किल्लीवाला, म्हातारी, इस्त्रीवाली (पहिली). नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढले. तो म्हणाला, तुमच्या वहिनींसारखा मोठा काढू का? मी म्हटलं, त्याहून मोठा.

२ डिसेंबर, मंगळवार. सकाळी १०.३०

सचिवांपुढे तीन प्रिंट ठेवले. म्हणाले, व्वा, आणि निगेटिव्ह? मी परिस्थिती सांगितली. कंपनी, औषध, खुंटी, सगळं क्रमाने. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग फाईल उघडून माझंच पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘तो कोणीही असो’ पाशी थांबले, वर बघितलं, पुढे वाचलं. म्हणाले, अहो, शंभरावर लोकांना हे वाचून दाखवलंय मी. आता तुम्हालाच सोडलं तर ते मला खाली उतरू देतील का?

मग शिक्का उचलला. तीन ठोके.

अक्षर स्वच्छ उमटलं. तिरकं, मधोमध. किल्लीवाल्याचं हसणं ‘अपा’च्या खाली गेलं.

सचिव नियमांना चिकटलेला माणूस आहे. अशा माणसांमुळे देश मागे राहतो.

४ डिसेंबर, गुरुवार

वहिनीचा फोटो परत आला. शिपाई देऊन गेला. ती भांडी घासत होती, हात पुसून पाकीट फोडलं, बघितलं, ओट्यावर ठेवलं आणि परत भांड्यांकडे वळली. बाबांनी विचारलं, काय गं? ती म्हणाली, नियम बदलला म्हणे. बाबा म्हणाले, कोणत्या गाढवाने? ती म्हणाली, काय माहीत.

तिला माहीत आहे. सचिव पत्र सगळ्यांना वाचून दाखवतात, खाली सहीसकट.

ती गच्चीवर गेल्यावर फोटो पाहिला. वरून काढलेला रस्ता. मधोमध मी, उकिडवा, एका हातात टेप, दातांत वहीचं पेन. टेपचं दुसरं टोक नाकाला लावून किल्लीवाला. माझी पिशवी इस्त्रीवालीच्या खांद्याला. माझी छत्री एका शाळकरी मुलीच्या हातात. दोन रिक्षा थांबलेल्या. आठ-दहा माणसं अर्धगोलात उभी, आणि प्रत्येक जण माझ्याकडे बघून हसतोय. वाईट हसत नाहीत. घरचं पोर पहिलं पाऊल टाकताना हसतात तसं.

इतके लोक होते ते मला दिसलं नव्हतं. मी अंतर बघत होतो.

फोकस कच्चा आहे. कोपरे कलले आहेत. पण रस्ता तिथे आहे. माझ्या तोंडावरून शिक्का गेला आहे.

७ डिसेंबर, रविवार

बाबांनी तिकीट आणलं. मी म्हटलं, औषध खराब होतं. बाबा म्हणाले, मामाकडे औषध नाही, पोती आहेत, मोजायची. पोती सुटून जात नाहीत. काकांनी सांगितलेलं दिसतंय सगळं. गाव लहान असलं की माणसाला शत्रू लवकर मिळतात.

१४ डिसेंबर, रविवार

प्रदर्शन. जाणार नव्हतो, गेलो.

चाळीस फोटोंच्या हॉलमध्ये तीन फोटो. तिन्ही स्टुडिओवाल्या काकांचे, तीस वर्षांपूर्वीचे. गावात निगेटिव्ह जपून ठेवणारा दुसरा माणूस निघालाच नाही. लोक गोल फिरायचे, दीड मिनिटात परत दारापाशी यायचे, आणि संपलं का म्हणून शिपायाला विचारायचे. सचिव मोकळ्या भिंतीला पाठ लावून उभे. मला बघून दुसरीकडे बघू लागले. काकांनी मात्र हाक मारली, म्हणाले, ये, हा बघ तुझा बसथांबा, तेव्हा तिथे झाड होतं. मी झाड बघितलं. फोकस पक्का होता.

किल्लीवाला आला. इस्त्री केलेला शर्ट, भांग पाडलेला, सोबत बायको आणि सासू. तिन्ही फोटोंसमोर थांबून वाकून बघितलं. मग माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, साहेब, मी कुठल्या भिंतीवर? त्याच्या सासूने चष्मा लावला. मी म्हटलं, तुझा अजून धुवायचा आहे. तो म्हणाला, हां, वेळ लागतो, चांगल्या कामाला वेळ लागतो, आणि दोघींना तसंच समजावत घेऊन गेला.

त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याचाच राग आला.

वहिनी आली नाही. घरच्याच कपड्यांत होती.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.५०

बॅग भरली. गाडी सव्वानऊला.

स्वयंपाकघराच्या दारात गेलो. मग विचारलं की तो गच्चीवरून काढलेला फोटो माझ्या फोनवर पाठवशील का. नुसता बघायला, तांत्रिक अभ्यासासाठी. वहिनी डबा भरत होती, माझाच. वर न बघता म्हणाली, तो ना, पुसला भावजी. परत आला त्याच दिवशी. फोन भरला होता, म्हटलं कशाला ठेवायचा.

मी म्हटलं, मग तो प्रिंट?

म्हणाली, जाड कागद होता चांगला. कपाटाचा पाय डुगडुगत होता बघा किती दिवस, त्याखाली घातला.

वाकून बघितलं. चार घड्या केल्या आहेत, चित्र आतल्या बाजूला. कपाट हलवून पाहिलं. पक्कं बसलं आहे.